व्हीटनची पत्र्याची वेधशाळा

रात्रीच्या वेळीं रेडिओचा कांटा दोन ठाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत थांबला म्हणजे पेटींतून एक बारीक, अखंड खरखर ऐकूं येते. घरांतील मंडळी तिला कंटाळून कांटा पुढें सरकवितात. लघुलहरींवरच्या ह्या खरखरींत कांहीं भाग यंत्राचा स्वतःचा असतो, कांहीं भाग विजेच्या ठिणग्यांचा व दूरच्या वादळांचा असतो. आणि उरतो त्यांत थोडा अंश असा असतो, कीं जो हजारों वर्षांपूर्वीं आकाशगंगेंतून निघून आतां कोठें आपल्या छपरापर्यंत येऊन पोंचलेला असतो. हें ज्या दोन यंत्रांनीं प्रथम दाखवून दिलें, त्यांपैकीं पहिलें आज जगांत उरलेलें नाहीं. दुसरें मात्र अमेरिकेंतील एका डोंगराळ खोऱ्यांत अद्यापि उभें आहे. एक गेलें आणि एक राहिलें, हें कसें घडलें, हाच ह्या भाषणाचा विषय आहे.

पहिलें यंत्र कार्ल जान्स्की ह्या तरुण एंजिनिअराचें. तो १९२८ सालीं बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत नोकरीस लागला. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी टेलिफोनवर बोलतांना जी खरखर आड येई ती कोठून येते, एवढेंच त्याला शोधून काढावयाचें होतें. न्यू जर्सी संस्थानांतील होमडेल येथें त्यानें सुमारें शंभर फूट लांबीचें एक एरिअल उभारलें. लाकडाची चौकट, तिच्यावर पितळी नळ्या, आणि खालीं फोर्ड मोटारीचीं चाकें. हा सगळा सांगाडा वर्तुळाकार वाटेवर दर वीस मिनिटांस एक फेरी पुरी करी. त्याच्या सोबत्यांनीं त्याला जत्रेंतल्या घोड्यांच्या चक्राचें नांव दिलें होतें, आणि तें अगदीं शोभण्यासारखें होतें.

जान्स्कीला तीन प्रकारची खरखर आढळली. एक जवळच्या गडगडाटी वादळांची, दुसरी दूरच्या वादळांची. तिसरी मंद होती, सतत होती, आणि तिचें मूळ कांहीं केल्या सांपडेना. प्रथम ती सूर्याबरोबर फिरते असें वाटलें. पण महिन्यामागून महिने नोंदी जमल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं, तिचा जोर दररोज सुमारें चार मिनिटें लौकर येतो. दररोज चार मिनिटें लौकर उगवणें हा ताऱ्यांचा धर्म आहे, सूर्याचा नव्हे. ही एक गोष्ट ध्यानांत येतांच सगळा उलगडा झाला. १९३३ सालीं जान्स्कीनें जाहीर केलें कीं, ह्या लहरी पृथ्वीबाहेरून, आकाशगंगेच्या मध्यभागाच्या दिशेनें, म्हणजे धनु राशीकडून येतात. त्या वर्षीं ५ मे रोजीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पुढें मात्र फारसें कांहीं झालें नाहीं. कंपनीच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें. आकाशगंगेला गप्प बसविण्याचा उपाय कोणाजवळच नव्हता. जान्स्कीनें शंभर फूट व्यासाचा परावर्तक बांधावा अशी सूचना केली. ती अमलांत आली नाहीं, आणि त्याच्याकडे दुसरीं कामें आलीं. १९५० च्या फेब्रुवारींत, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं, तो वारला. त्याचें एरिअल मोडून गेलें, आणि तें नेमकें कोठें उभें होतें ती जागासुद्धां लोक विसरून गेले. ज्योतिष्यांनींही तें जपण्याची खटपट केली नाहीं. त्यांना भिंगें आणि आरसे ठाऊक होते, बिनतारी विद्या ठाऊक नव्हती. बिनतारीवाल्यांना ज्योतिष ठाऊक नव्हतें. दोन शेजाऱ्यांच्या मधल्या बांधावर उगवलेल्या झाडाला पाणी कोणीं घालावें, असा हा प्रकार होता.

जान्स्कीचे निबंध वाचून ज्याला चैन पडेनासें झालें असा एकच मनुष्य निघाला. त्याचें नांव ग्रोट रेबर. शिकागोच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस मैलांवर व्हीटन नांवाचें गांव आहे; तेथें तो आईच्या घरीं राहत असे. जन्म १९११ चा. शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमधून १९३३ सालीं तो एंजिनिअर होऊन बाहेर पडला. लहानपणापासून बिनतारीचा षौक. डब्ल्यू ९ जी एफ झेड ही त्याची सरकारी परवान्यावरील खूण होती. दिवसा तो शिकागोंतील रेडिओच्या धंद्यांत नोकरी करी. त्याच्या आईनें व्हीटनच्या शाळेंत मुलें शिकविलीं होतीं, आणि पुढें आपल्या आकाशगंगेपलीकडच्या आकाशगंगांचा शोध घेऊन विख्यात झालेला एडविन हबल हा त्या मुलांपैकीं एक होता. हा निव्वळ योगायोग. परंतु सांगितल्याशिवाय राहवत नाहीं असा.

रेबरनें आधीं बेल प्रयोगशाळेकडे जान्स्कीच्या हाताखालीं काम मागून पाहिलें. मंदीचे दिवस होते. काम मिळालें नाहीं. तेव्हां जें यंत्र पाहिजे तें आपणच बांधावयाचें, असें त्यानें ठरविलें. १९३७ च्या उन्हाळ्यांत, जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत, घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेंत त्यानें तें उभें केलें. पदरचे सुमारें १३०० डॉलर त्यांत गेले.

काय होतें हें यंत्र? एक प्रचंड उथळ थाळी, ३१ फूट व्यासाची. तिचा आंतला पृष्ठभाग जस्त चढविलेल्या लोखंडी पत्र्याचा. पत्र्याचे ४५ तुकडे होते. खालीं त्यांना आधार म्हणून ७२ लाकडी वासे होते, प्रत्येक वासा अन्वस्ताकार वक्ररेषेंत कापलेला. थाळीच्या वर, २० फुटांवर, एक पिंपासारखा डबा टांगलेला. लहरी पत्र्यावर आपटून त्या डब्यांत गोळा व्हावयाच्या आणि तेथून ग्राहक-यंत्रांत जावयाच्या. थाळी फक्त दक्षिणोत्तर, वरखालीं कलवितां येई. पूर्वपश्चिम फिरविण्याची सोय केलेलीच नव्हती, कारण तें काम पृथ्वी फुकट करीत होती. थाळी एका उंचीवर स्थिर ठेवावी, आणि आकाशाचा एक पट्टा चोवीस तासांत तिच्यासमोरून सरकूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं थोडी कलवून पुढचा पट्टा घ्यावा.

हा आकार निवडण्यांतच रेबरची खरी दृष्टि दिसून येते. जान्स्कीचें एरिअल सुमारें साडेचौदा मीटर लांबीच्या लहरींसाठीं बांधलेलें होतें. दुसऱ्या लहरींसाठीं दुसरें एरिअल बांधावें लागलें असतें. अन्वस्ताकार थाळीला लहरीच्या लांबीशीं कर्तव्य नसतें. पत्र्याचा गुळगुळीतपणा पुरेसा असला कीं ती सर्वांना सारखीच गोळा करते. बदलावयाचा तो वरचा डबा आणि त्यामागचें यंत्र. ह्या एका गुणावर सगळें पुढचें यश अवलंबून होतें.

गांवच्या लोकांना अर्थातच कांहीं उमगेना. सकाळीं ऊन पडलें आणि संध्याकाळीं उतरलें कीं पत्रा कमीजास्त प्रसरण पावून तडतड, धाडधाड आवाज करी. थाळी सरळ वर तोंड करून ठेवलेली असली कीं पावसाचें पाणी मधल्या भोंकांतून धो धो खालीं पडे. ह्यावरून असा बोभाटा झाला कीं, हें यंत्र पाणी सांठविण्यासाठीं, किंबहुना पाऊस पाडण्याचें व थांबविण्याचें आहे. शेजारच्या मुलांना सांगाड्यावर चढाउतरावयास हक्काची जागा मिळाली, आणि रेबरच्या आईला धुणें वाळत घालावयास एक चांगला आधार. जगांतल्या कोणत्याहि वेधशाळेचा ह्याहून सत्कारणीं उपयोग झाला नसेल.

पहिल्या वर्षीं पदरीं अपयशच आलें. तप्त पदार्थापासून लहरी निघतात त्या, त्या वेळच्या समजुतीप्रमाणें, लांबी कमी तशा जोरकस असावयास पाहिजेत. म्हणून रेबरनें प्रथम ९ सेंटिमीटर लांबीवर कान लावला. कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग नवें ग्राहक-यंत्र बनवून ३३ सेंटिमीटरवर प्रयत्न केला. तरीहि कांहीं नाहीं. दुसरा कोणी असता तर जान्स्कीच चुकला असें म्हणून मोकळा झाला असता. रेबरनें उलट असा निष्कर्ष काढला कीं, चुकीची आहे ती समजूत. तो अधिक लांब लहरींकडे वळला, १.८७ मीटर ह्या लांबीसाठीं तिसरें यंत्र बांधलें, आणि १९३९ च्या वसंतांत आकाशगंगा त्याच्या यंत्रांत स्पष्ट उमटली. ह्या लहरी केवळ उष्णतेच्या नव्हेत, त्यांचें कारण निराळें आहे, ही गोष्ट त्या दोन अपयशांतच दडलेली होती. अवकाशांतील चुंबकीय क्षेत्रांत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें भ्रमण करणारे विद्युत्कण त्या पाठवितात, हा उलगडा १९५० च्या सुमारास झाला.

वेध घ्यावयाचे ते रात्रीं. दिवसा रस्त्यावरून मोटारी जात, आणि प्रत्येक मोटारीच्या एंजिनांतील ठिणगी रेबरच्या यंत्रांत गोंधळ माजवी. म्हणून कामावरून घरीं यावयाचें, थोडी झोंप घ्यावयाची, मध्यरात्रीं उठून तळघरांतील यंत्रासमोर बसावयाचें, आणि पहांटेपर्यंत कांट्याकडे पाहून मिनिटामिनिटाला आंकडे लिहावयाचे. पुढें १९४१ सालीं त्यानें आपोआप आलेख काढणारें उपकरण बसविलें, तेव्हां ही शिक्षा संपली. त्या आलेखांच्या कागदांवर आकाशगंगेची गुळगुळीत टेकडी उमटलेली दिसते, आणि तिच्या अंगाखांद्यावर मोटारींचे टोंकदार कांटे उभे असतात. असे शेंकडों आलेख जुळवून त्यानें आकाशाचा नकाशा तयार केला. डोंगरांच्या नकाशांत समान उंचीच्या रेषा काढतात, तशा त्यांत समान जोराच्या रेषा होत्या. त्याच्या यंत्राची नजर फार जाडी होती. सुमारें १२ अंशांचा तुकडा, म्हणजे चोवीस पूर्णचंद्र शेजारीं शेजारीं ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढी, त्याला एकच ठिपका दिसे. तरीदेखील धनु राशींतील मुख्य शिखर, हंस नक्षत्रांतील दुसरें आणि शर्मिष्ठेंतील तिसरें हीं त्यांत ओळखूं येतात. पुढच्या संशोधकांनीं हीं ठिकाणें तपासलीं, तेव्हां हंसांतील शिखरांत एक अतिशय दूरची आकाशगंगा आणि शर्मिष्ठेंतील शिखरांत फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष सांपडले.

ह्या कामाचा पहिला वृत्तांत १९४० सालीं रेडिओ एंजिनिअरांच्या मासिकांत आणि नंतर 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. त्या जर्नलचे संपादक ओटो स्ट्रूव्ह हे यर्क्स वेधशाळेचे प्रमुख होते. कोणत्याहि विद्यापीठाशीं संबंध नसलेल्या एका कारखान्यांतील एंजिनिअराचा लेख छापावा कीं न छापावा, ह्याचा त्यांनीं बराच विचार केला, आणि छापला. ह्या एका निर्णयाचें फळ युद्धांत सांपडलेल्या हॉलंडमध्यें दिसलें. जर्मनांच्या ताब्यांतील लायडन येथें यान ऊर्ट ह्यांनीं रेबरचा निबंध वाचला आणि व्हान द हुल्स्ट ह्या तरुण विद्यार्थ्याला एक प्रश्न सोडवावयास दिला: अवकाशांतील एखादा वायु ठराविक एकाच लांबीची लहर पाठवीत असेल काय? १९४४ सालीं उत्तर निघालें. साधा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची लहर पाठवील. २५ मार्च १९५१ रोजीं हार्वर्ड येथें ती खरोखरीच सांपडली, आणि आकाशगंगेच्या बाहूंचा आराखडा काढण्याचें साधन ज्योतिष्यांच्या हातीं आलें. युद्ध संपेपर्यंत रेडिओ-दुर्बीण म्हणून मुद्दाम बांधलेलें असें यंत्र सगळ्या जगांत हें एकच होतें, आणि त्याचा एकमेव ज्योतिषी रात्रीं स्वतःच्या घराच्या तळघरांत बसत असे.

आतां हें यंत्र टिकलें कसें तें पाहूं. लाकूड आणि पातळ पत्रा ह्यांचें आयुष्य तें किती! एका गृहस्थाच्या जागेंतला हा पसारा, तो हलला असता तर पाडून लाकडें जळणांत आणि पत्रे भंगारांत जावयाचीं. तसें झालें नाहीं, ह्याचें कारण जुन्या वस्तूविषयींचा आदर हें मुळींच नव्हतें. १९४७ सालीं अमेरिकन सरकारच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌स ह्या संस्थेला वेधांसाठीं यंत्र हवें होतें. तिनें रेबरचें यंत्र विकत घेतलें आणि रेबरलाहि नोकरी दिली. यंत्र सुटें करून व्हर्जिनिया संस्थानांतील स्टर्लिंग येथें नेण्यांत आलें, आणि तेथें त्याला खालून फिरती बैठक मिळाली. व्हीटनला ज्या थाळीला फक्त वरखालीं होतां येत होतें, तिला आतां चोहोंकडे वळतां येऊं लागलें. पुढें रेबर ती नोकरी सोडून १९५१ सालीं हवाई बेटांत गेला. यंत्र पुन्हां सुटें झालें आणि कोलोरॅडोंतील बोल्डर येथें गेलें. वापरांतलें यंत्र जपलें जातें. वापरांतून गेलें कीं त्याच्यावर खरें संकट येतें. जान्स्कीचें एरिअल ह्याच संकटांत नाहीसें झालें होतें.

ह्या वेळीं मात्र वारस मिळाला. १९५६ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय रेडिओ-ज्योतिष वेधशाळा स्थापन झाली आणि वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील ग्रीन बँक हें तिचें ठिकाण ठरलें. रेबरचे वासे आणि पत्रे तेथें पोंचले, आणि १९५९-६० मध्यें खुद्द रेबरच्या देखरेखीखालीं यंत्र पुन्हां उभें राहिलें. मूळ कर्त्याच्या डोळ्यांदेखत पुनर्जन्म घेण्याचें भाग्य फार थोड्या वैज्ञानिक यंत्रांना लाभलें असेल. तें तेथें फिरत्या बैठकीवरच उभें आहे. कोणी म्हणेल, व्हीटनला अशी बैठक नव्हती, मग हें मूळ यंत्र कसें? आक्षेप वरवर बरोबर दिसतो. परंतु ही बैठक त्याच्या आयुष्यांतच, रेबर जवळ असतांना त्याला मिळाली आहे. ती काढून टाकणें म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे पांढरे केस रंगवून त्याला तरुणपणचा फोटो म्हणून दाखविण्यासारखें होय.

पितळी यंत्रराज किंवा गॅलिलिओची नळी कांचेच्या कपाटांत ठेवून कुलूप लावतां येतें. ३१ फुटांची थाळी उन्हांत, पावसांत, हिमांतच उभी राहावयाची. तिला रंग लागतो, तिच्या लाकडाकडे पाहावें लागतें, आणि हें काम कधींहि संपत नाहीं. पण मोठेपणा आणि बळकटपणा ह्यांचाहि भरंवसा नसतो. ह्याच ग्रीन बँकमध्यें १९६२ सालीं ३०० फूट व्यासाची पोलादी रेडिओ-दुर्बीण उभी राहिली होती. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्रीं, आधारासाठीं बसविलेला एक पत्रा तुटून, ती कांहीं क्षणांत कोसळली. सकाळीं तेथें वांकड्या पोलादाचा ढीग होता, आणि थोड्या अंतरावर लाकडाची थाळी जागच्या जागीं. पुढच्याच वर्षीं, १९८९ मध्यें, अमेरिकन सरकारनें रेबरच्या दुर्बिणीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकांत गणना केली. ढासळलेल्या दुर्बिणीच्या जागीं उभारलेल्या १०० मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीचा समारंभ २००० सालीं झाला. आकारानें राक्षसी खरी, पण अन्वस्ताकार थाळी आणि तिच्यावर नाभीशीं ग्राहक-यंत्र, हें तिचें कूळ कोणाच्याहि डोळ्यांना दिसतें.

रेबरच्या दुर्बिणीला ह्या खोऱ्यांत एक गोष्ट अशी लाभली, जी व्हीटनमध्यें कधींच लाभली नाहीं. ती म्हणजे शांतता. १९५८ सालीं ग्रीन बँकच्या भोंवतालचा सुमारें १३,००० चौरस मैलांचा मुलूख बिनतारी-शांततेचा म्हणून राखून ठेवण्यांत आला. तेथें प्रेषक-यंत्रांवर निर्बंध आहेत. वेधशाळेच्या आवारांत दुर्बिणींजवळ डिझेलच्या गाड्या फिरतात, कारण डिझेलच्या एंजिनांत पेट्रोलच्या एंजिनासारखी ठिणगी लागत नाहीं. ज्या ठिणगीनें रेबरला रात्र रात्र जागविलें, ती तेथें वेध घेणाऱ्या दुर्बिणींपासून दूर ठेवली जाते. यंत्र मात्र वेध घेण्यांतून केव्हांच निवृत्त झालेलें आहे.

जान्स्कीच्या गेलेल्या यंत्राचीहि भरपाई करण्याचा प्रयत्न झाला. ग्रीन बँकच्या आवारांत त्याची पूर्णाकृति प्रतिकृति उभी आहे. होमडेलची विसरलेली जागा शोधून काढण्यांत आली, आणि १९९८ सालीं तेथें एक स्मारकशिल्प बसविलें गेलें. १६ सप्टेंबर १९३२ च्या संध्याकाळीं ७ वाजून १० मिनिटांनीं जान्स्कीच्या एरिअलचा रोख जिकडे होता, आणि खरखरीचा जोर टिपेस पोंचला होता, त्याच रोखानें हें शिल्प ठेवलेलें आहे. कल्पना सुंदर आहे. तरी प्रतिकृतीपुढें उभें राहून जे प्रश्न विचारावेसे वाटतात, ह्या खिळ्याला कोणाचा हातोडा लागला, ही फट कशानें पडली, त्यांना तिच्याकडे उत्तर नसतें. रेबरच्या यंत्राकडे असतें. त्याशिवाय रेबरचा पत्रव्यवहार व कागदपत्रहि ह्याच राष्ट्रीय वेधशाळेच्या दप्तरांत जतन करून ठेवलेले आहेत. यंत्र राहिलें आणि कागद गेले, तर उरतो तो नुसता सांगाडा. येथें दोन्ही राहिलीं.

यंत्र जपण्याची दुसरीहि एक तऱ्हा आहे, आणि तिचें उदाहरण मुंबईच्या अगदीं जवळ घडलेलें आहे. सिडनीजवळ पॉट्स हिल येथें सूर्याच्या वेधांसाठीं सहा सहा फुटांच्या बत्तीस थाळ्यांची रांग होती. तेथील काम संपल्यावर त्या भंगारांत न घालतां ऑस्ट्रेलियानें भारताला देऊं केल्या. तेथें शिकून आलेले गोविंद स्वरूप ह्यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीनें १९६५ सालीं त्या कल्याण येथें मांडल्या आणि सूर्याचे वेध घेतले. भारतांतील रेडिओ-ज्योतिषाला ह्या दुसऱ्याच्या घरून आलेल्या थाळ्यांनीं मोठा हात दिला. पुढें स्वरूप ह्यांच्याच पुढाकारानें पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महाकाय मीटर-लहर रेडिओ-दुर्बीण उभी राहिली.

रेबर १९५४ सालीं टास्मानियांत गेला. तेथें फार लांब लहरींवर, एकट्यानें, आपल्याच पद्धतीनें तो काम करीत राहिला. २० डिसेंबर २००२ रोजीं, एक्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला असतांना, तो वारला. त्याच्या देहाची रक्षा एका ठिकाणीं ठेवण्यांत आली नाहीं. कांहीं टास्मानियांतील बॉथवेलच्या दफनभूमींत आहे, आणि बाकीची थोडी थोडी करून जगांतील निरनिराळ्या रेडिओ-वेधशाळांकडे पाठविण्यांत आली. ग्रीन बँक त्यांपैकीं एक. खोडदच्या वेधशाळेलाहि तिचा अंश मिळालेला आहे.